फासा पडायच्या आधी बोला : आरपीजीच्या टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा पहिला चेंडू पडायच्या आधी पाच मिनिटं नुसती बोलाचाली चालायची. एक टप्पा आउट धरायचा का, समोरच्या भिंतीला थेट लागलं तर किती, पत्र्यावर गेला तर काय, गटारीत गेला तर कोणी काढायचा. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असायचा. तरी दिवेलागणीपर्यंत खेळ चालायचा. जे आधी ठरलं होतं त्यावरून क्वचितच भांडण व्हायचं. भांडायचो ते न ठरवलेल्या गोष्टींवरून.

गेली काही वर्षं मी सोलापुरात मित्रांबरोबर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, खेळतो आणि बहुतेक वेळा पंचाच्या जागी बसतो. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "नियम किती पाठ करायचे?" एकही नाही. पुस्तक समोर असतं, विचारलं की सांगणारे चारजण असतात. वेळ लागतो तो पंचावर विश्वास टाकायला, आणि पंचाला तो सांभाळायला शिकायला. पुढच्या पायऱ्या त्यासाठी लिहिल्या आहेत. तुम्ही पात्र घेऊन बसणार असाल किंवा पंच होणार असाल, दोघांच्याही उपयोगाच्या आहेत.

खेळ काय आहे, थोडक्यात

चार-पाच जण बसतात. एक सोडून प्रत्येकाकडे गोष्टीतलं एकेक पात्र असतं आणि त्या पात्राने काय करायचं हे तो खेळाडू ठरवतो. उरलेला एक जण पंच. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, बाकीची सगळी माणसं, जनावरं, हवामान तोच चालवतो. एखादी गोष्ट जमेल की नाही हे सांगता येत नसेल तिथे फासा टाकायचा. ल्यूडोसारखं कोणी जिंकत नाही. तीन तासांनी गोष्ट जिथे आली असेल तिथे थांबायचं आणि पुढच्या शनिवारी तिथून उचलायची.

पंचाला प्रत्येक खेळात वेगळं नाव आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये तो डंजन मास्टर, 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये कीपर, १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये सरळ रेफरी. मी पंच म्हणतो. पण कबड्डीचा पंच रेषेबाहेर उभा असतो, त्याला कोणाची पकड करायची नसते. आपल्या टेबलावर दरोडेखोर पंचच चालवतो आणि तुमचा वार त्या दरोडेखोराला लागला की नाही हेही पंचच सांगतो. सगळी अडचण इथून सुरू होते.

ती आजची नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे द्यायच्या. पंच सैन्याच्या सोंगट्या हलवायचा, ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवायचा आणि नुकसान फासे व तक्त्यांवरून काढायचा. त्या नियमांत पंचासाठी जो जर्मन शब्द आहे त्याचा अर्थ होतो 'विश्वासातला माणूस'. पुढे तक्त्यांचं ओझं इतकं झालं की डाव पुढे सरकेना. मग १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सांगितलं की तक्ते ठेवा बाजूला, अनुभवी पंचाला ठरवू द्या. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने आपल्या मित्रांना एका डावात सैन्याच्या तुकड्यांऐवजी एकेक माणूस दिला. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं. पुस्तक मोठं की पंच मोठा, हा वाद तुमच्या टेबलावर पेटला तर घाबरू नका. तो दीडशे वर्षं चालू आहे.

त्यात माझी बाजू सांगून टाकतो. पंचाने पुस्तक बघून ठरवावं किंवा स्वतःच्या अकलेने, पण फासा पडायच्या आधी ठरवावं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं. फासा पडल्यावर घेतलेला निर्णय बरोबर असला तरी संशयास्पद दिसतो, आणि एकदा संशय बसला की पुढचे दहा बरोबर निर्णयही त्याच नजरेने बघितले जातात.

पायरी १ : आधी संमती

सोलापूरकराला हे समजावावं लागू नये. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वर तलावाकाठी अक्षता सोहळा होतो, त्या जागेचं नावच संमती कट्टा. तिथे नंदीध्वज येतात, संमती वाचली जाते आणि त्यानंतर अक्षता पडतात. इंग्रजी पुस्तकं ज्या पहिल्या बैठकीला सेशन झीरो म्हणतात तिला आमच्या टेबलावर 'संमती'च म्हणतात. त्या दिवशी फासे पिशवीतून काढायचे नाहीत. नुसतं बोलायचं.

काय बोलायचं? गोष्ट कसली हवी : भीतीची, राजवाड्यातल्या कारस्थानांची, की सरळ खजिना शोधायची. पात्र मरू शकतं का. शकत असेल तर एका वाईट फाशाने मरेल, की खेळाडूला आधी इशारा मिळेल. एका खेळाडूचं पात्र दुसऱ्याच्या पात्रावर हात उचलू शकतं का. आमच्याकडे दोघांनी आधी हो म्हटल्याशिवाय नाही. कोणी आला नाही तर त्याच्या पात्राचं काय. आमच्याकडे ते तापाने पडतं, मुक्कामी राहतं, त्याला काही होत नाही. किती वाजता उठायचं. फोन कुठे ठेवायचे. भाषा कोणती, हाही सोलापुरात खरा प्रश्न आहे. आमच्यातला एक जण रंगात आला की तेलुगूत जातो, दुसरा कानडीत, आणि दोघांचं ऐकायला मजा येते. म्हणून पात्रांनी कुठल्याही भाषेत बोलावं, पण निर्णय आणि आकडे सगळ्यांना कळणाऱ्या मराठीत, असं आम्ही ठरवलंय.

आणि शेवटी : गोष्टीत काय नको. हे मी चुकून शिकलो. आमच्या एका गोष्टीत मी एक विणकर आणला होता. माग बंद पडलेला, डोक्यावर कर्ज, सावकाराचा माणूस रोज दारात. मला वाटलं, आपल्या शहराचीच गोष्ट आहे, टेबलावर जिवंत होईल. झालीही. सावकाराच्या माणसाचा आवाज मी मन लावून काढला. आमच्यातला एक मित्र त्या दिवशी हळूहळू गप्प होत गेला, फासा हातात घेऊन नुसता फिरवत बसला, आणि पुढचे दोन शनिवार आला नाही. नंतर कळलं की ते त्याच्या घरी घडून गेलं होतं. त्याने मला आधी सांगायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून संमतीच्या दिवशी चिठ्ठ्या. प्रत्येकाला एकाच वहीचे दोन-तीन कोरे तुकडे द्या आणि सगळ्यांना एकच पेन फिरवा. एका बाजूला 'नको' म्हणजे ही गोष्ट आणायचीच नाही. दुसऱ्या बाजूला 'पडद्याआड' म्हणजे घडलेली चालेल, पण वर्णन नको, पुढच्या प्रसंगावर जायचं. ही वाटणी रॉन एडवर्ड्स या अमेरिकन खेळकर्त्याने मांडली आणि आता जगभर वापरली जाते. काही लिहायचं नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी घडी घालून टाकायची, म्हणजे कोणी लिहिलं हे दिसत नाही. पंच चिठ्ठ्या घरी एकटा वाचतो आणि पुढच्या वेळी नुसती यादी सांगतो. यादीवर चर्चा नाही, कारणं नाहीत.

तरीही मध्येच काही टोचू शकतं, कारण काय टोचेल हे माणसाला स्वतःलाही आधी माहीत नसतं. त्यासाठी टेबलाच्या मधोमध एक पत्ता उताणा ठेवा. त्याला हात लावला की प्रसंग तिथे थांबतो आणि पंच दुसरीकडून सुरुवात करतो. जॉन स्टाव्हरोपुलोसने रूढ केलेल्या या पत्त्याला एक्स-कार्ड म्हणतात. आमच्याकडे त्याला टाइमप्लीज म्हणतात. लहानपणी पळता पळता टाइमप्लीज म्हटलं की पाठलाग करणारा थांबायचा, का म्हटलंस असं विचारत बसायचा नाही. तेवढंच.

पायरी २ : थोडे नियम, पण सर्वांसमोर

पहिल्यांदाच अडीचशे-तीनशे पानी पुस्तक विकत घेऊ नका. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात; त्यातली पात्र बनवायची आणि फासा टाकायची पानं एवढी पहिल्या महिन्याला पुरतात. वीस बाजूंचे फासे ऑनलाइन मागवावे लागतात. तोवर फोनवरचं फाशांचं ॲप चालेल, किंवा ल्यूडोच्या दोन फाशांवर चालणारा खेळ निवडा.

पण फासा कसा वागतो हे सगळ्यांना माहीत असू द्या, फक्त पंचाला नको. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, ५ टक्के. दोन ल्यूडो फाशांची बेरीज तशी नसते : ३६ पैकी ६ वेळा ७ येतो आणि १२ फक्त एकदा. 'ॲपोकॅलिप्स वर्ल्ड' हा २०१० चा खेळ याच दोन फाशांवर उभा आहे. बेरजेत पात्राचा गुण मिळवून १० किंवा वर म्हणजे जमलं, ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, ६ किंवा खाली म्हणजे नाही जमलं, आता पंच त्याची चाल करतो. ज्याला हे माहीत नाही तो हरला की पंचाला दोष देतो. ज्याला माहीत आहे तो फाशाला देतो, आणि तो दोष जिथल्या तिथे असतो.

निवडलेले नियम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मध्ये ठेवा. पंचाच्या मांडीवर नको.

पायरी ३ : एक चाल कशी खेळतात

इथे सावकाश वाचा, कारण रोजचा विश्वास इथे तयार होतो. क्रम असा : खेळाडू काय करायचं आणि कशासाठी ते सांगतो. पंच अवघडपणा सांगतो, म्हणजे फाशावरचा आकडा आणि पात्राच्या कौशल्याचे गुण मिळून किती व्हायला हवं. पंच जमलं तर काय आणि नाही जमलं तर काय तेही सांगतो. खेळाडू हो म्हणतो. मगच फासा.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग देतो. जागा होती आपल्या भुईकोटासारखा दुहेरी तटाचा, खंदकाचा किल्ला. रात्र. खेळाडू म्हणाला, "मी तटावरून उडी मारतो."

नवखा पंच इथेच म्हणेल, "टाक फासा." नका म्हणू. मी विचारलं, "उडी मारून करायचंय काय तुला?"

"आतल्या तटावर जायचंय बे. पहारेकऱ्याला न कळता."

"नुसती उडी?"

"नाही, चादर आहे की माझ्याकडे. कंगोऱ्याला बांधतो, धरून झोका घेतो."

"बरं. चादर आहे म्हणजे खाली पडून मरणार नाहीस. अवघडपणा १५, तुझे ३ मिळवायचे. जमलं तर आवाज न करता पलीकडे. नाही जमलं तरी पलीकडे पोचशील, पण चादर फाटेल आणि पहारेकरी वळून बघेल. टाकायचा?"

तो थांबला. फाशावर १२ किंवा वर हवा होता, म्हणजे वीसपैकी नऊ आकडे, ४५ टक्के. शेजारचा म्हणाला, "थांब, माझीपण चादर जोड, मी वरून धरतो." मदत मिळाली म्हणून नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. तीच शक्यता आता ७० टक्क्यांच्या जवळ गेली. त्याने दोन्ही फासे मुठीत घोळवून टाकले : ४ आणि ९. नऊ अधिक तीन बारा. चादर फाटल्याचा आवाज मी तोंडाने काढला आणि पहारेकरी वळला.

टेबलावर कोणीही "पण" म्हणालं नाही. किती हवं होतं, चुकलं तर काय होणार, हे त्याने स्वतः ऐकून, हो म्हणून फासा टाकला होता. मी अवघडपणा मनात ठेवला असता आणि ४-९ बघून "नाही जमलं" म्हणालो असतो, तर निकाल तोच असता, पण त्या मित्राच्या डोक्यात राहिलं असतं की कदाचित १२ पुरेसे होते.

पंचाला आकडा सुचत नसेल तर पाचव्या आवृत्तीतली मापं धरा : सोपं १०, मध्यम १५, अवघड २०. आणि नाही जमलं तर काय होईल हे तुम्हाला सांगताच येत नसेल, तर तिथे फाशाची गरज नाही. करू द्या त्याला. उघड्या दाराला फासा लागत नाही.

एक गैरसमज इथेच काढतो, त्यावरून मी मैत्री ताणलेली बघितली आहे. वीस पडला म्हणजे काहीही जमतं असं नवीन मंडळींना वाटतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वीस पडला की वार हमखास लागतो, हा नियम फक्त हल्ल्यासाठी आहे. राजाला "मला सिंहासन दे" म्हणून वीस टाकला तर राजा राज्य सोडत नाही. तुमच्या टेबलावर वीसला जास्त मान द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण संमतीच्या दिवशी ठरवा. फासा टेबलावर वीस दाखवत पडलेला असताना त्यावर चर्चा सुरू केली तर कोणीतरी दुखावणारच.

पायरी ४ : निकालवही

पुस्तकात नाही असं काहीतरी दर शनिवारी घडतं. ओल्या घोंगडीने आग विझते का, माकडाला किल्ली आणायला पाठवता येतं का. आमचा प्रघात असा : टेबलावरच्या ज्याला पुस्तक सगळ्यात चांगलं माहीत आहे त्याला दोन मिनिटं द्यायची. असा एक जण प्रत्येक टेबलावर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला वकील म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. त्याच्याकडे आठवण आहे, ती कामाला लावा. पान सापडलं तर पानाप्रमाणे. दोन मिनिटांत नाही सापडलं तर पंच ठरवतो आणि खेळ पुढे जातो.

पण पंचाने ठरवलेलं वहीत लिहायचं. साधी दोनशे पानी वही, तारीख आणि एक ओळ : 'ओली घोंगडी : छोटी आग विझते, घोंगडी वाया.' पुढच्या वेळी शत्रूच्या हातात ओली घोंगडी असेल तेव्हाही हाच निकाल. वहीचं काम इथे कळतं. पंच स्वतःच्या सोयीने निर्णय बदलत नाही हे खेळाडूंना तोंडाने कितीही सांगा, त्यांना ते पटतं जेव्हा त्यांच्याच बाजूने गेलेला जुना निकाल पंचाच्या दरोडेखोरालाही लागू होतो, किंवा दरोडेखोराच्या विरुद्ध गेलेला निकाल पंच वही उघडून स्वतः वाचून दाखवतो.

निकाल चुकीचा वाटला तर? खेळाडूने एकदा, एका वाक्यात सांगावं. पंचाने ऐकावं. पंच नाही म्हणाला तर वहीत त्या ओळीपुढे फुली मारायची आणि खेळायचं. फुलीवर बोलायचं ते शेवटी, सगळे उठायच्या आधी. आमच्या वहीतल्या बऱ्याच फुल्या पुढे बदललेले निकाल झाल्या आहेत. मात्र बदल पुढच्या शनिवारपासून, मागचं उकरायचं नाही.

पायरी ५ : फासा उघड्यावर

बाजारात पंचासाठी घडीचे पुठ्ठ्याचे पडदे मिळतात. त्यामागे नकाशा आणि टिपणं ठेवायला ते बरे. फासा मात्र मागे टाकू नका, असं माझं मत आहे, आणि हे मत फुकट मिळालेलं नाही.

सुरुवातीला मी वही उभी धरून तिच्यामागे फासा टाकायचो. एका शनिवारी आमच्या एका मैत्रिणीच्या पात्रावर अजगराचा विळखा पडला. आणखी एक वार लागला असता तर पात्र गेलं असतं. त्या पात्रासाठी तिने घरी बसून वंशावळ लिहून आणली होती, मला माहीत होतं. फासा पडला १९. मी म्हणालो, "सहा, हुकला." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आम्ही तेव्हा स्टीलच्या ताटात फासे टाकायचो, आवाज छान येतो म्हणून. ताटाच्या उभ्या काठात फासा दिसत होता, आणि ती माझ्या उजव्या हाताला बसली होती.

तेव्हा ती काही बोलली नाही. घरी जाताना म्हणाली, "मग मागच्या महिन्यात आपण पूल ओलांडला, तोही तूच ओलांडू दिलास का?" पूल खरा होता. तो फासा मी बदलला नव्हता. पण मी काहीही सांगितलं तरी आता ते सिद्ध करता येत नव्हतं. एका १९ ला ६ म्हटल्याने आधीच्या सगळ्या जिंकलेल्या गोष्टी पुसल्या गेल्या.

फासा बदलणारे पंच वाईट असतात असं अजिबात नाही. बहुतेक जण मायेपोटीच बदलतात. त्यांना मी एवढंच सुचवेन की माया फाशाच्या आधी दाखवा. पात्र मरायला नको असेल तर टाकण्याआधी बोला : "हा लागला तर मरणार नाहीस, पण अजगर तुला पाण्यात ओढून नेईल." मग फासा सगळ्यांसमोर टाका. १९ पडला तर पडला. तिचं पात्र पाण्याखाली गेलं असतं, आणि पुढचा शनिवार तिला तिथून वर काढण्यात गेला असता. चांगली गोष्ट झाली असती.

झाकून टाकायचा असा एकच फासा आम्ही ठेवलाय. अंधारात चोरदरवाजा शोधणं, समोरचा खोटं बोलतोय का हे ओळखणं, अशा ठिकाणी आकडा दिसला तर खेळाडूला त्याच्या पात्रापेक्षा जास्त कळतं. तो फासा पंच वाटीखाली टाकतो, वाटी तशीच झाकून ठेवतो आणि प्रसंग संपला की उचलून दाखवतो. दाखवायचाच.

ताट मात्र गेलं. आता आम्ही जुन्या सोलापुरी चादरीची चौघडी घालून तिच्यावर फासे टाकतो. टॉवेलवर टाकू नका, त्याच्या दोऱ्यांत फासा तिरका अडकतो आणि कुठली बाजू वर यावरून पुन्हा वाद. चादरीचं विणकाम घट्ट असतं, फासा दोन कोलांट्या घेऊन सपाट बसतो. तिरका बसला तर परत टाकायचा, हेही कागदावर लिहून ठेवलंय.

पायरी ६ : खेळाडूंकडून काय हवं

पंचाबद्दल इतकं लिहिलं, पण रडीचा डाव दोन्हीकडून होतो. आपल्या पात्राचे आकडे स्वतः माहीत ठेवा, चुकीची बेरीज तुमच्या फायद्याची असली तरी तुम्हीच सांगा. आमच्यात एकाने एकदा पाच खोल्या मागे जाऊन सांगितलं की त्याचा बाण खरं तर संपला होता. त्या दिवसापासून त्याचा भाता कोणी मोजत नाही.

"माझं पात्रच तसं आहे" म्हणून सोबत्यांची चोरी करू नका, त्यांना मागे टाकून पळू नका. पात्र तुम्हीच बनवलंय, त्याला थांबायचं कारणही तुम्हीच बनवू शकता. दुसऱ्याची चाल चालू असताना त्याला सल्ल्यांनी घेरू नका. नवखा असेल तर जास्तच. आणि पंचाला मनातलं सांगा. काय साधायचंय हे लपवून, पंचाला कोंडीत पकडायचं म्हणून एकेक तुकडा विचारत गेलात, तर तोही तुमच्याशी तसाच वागू लागतो. तीन तासांच्या खेळातला अर्धा तास असा एकमेकांना चकवण्यात जातो.

पहिल्या शनिवारी नवीन माणूस आमच्याकडे लिंबूटिंबू असतो. हा मान आहे, कमीपणा नाही. फासा पडल्यावरही त्याला एकदा चाल परत घेता येते. दुसऱ्या शनिवारपासून नाही.

पायरी ७ : पंच चुकला तर

चुकणारच. चाल संपायच्या आत लक्षात आलं तर मागे जा आणि दुरुस्त करा. चाल संपून गोष्ट पुढे गेली असेल तर मागे जाऊ नका. "माझं चुकलं, हा नियम असा होता" असं सगळ्यांसमोर म्हणा, वहीत लिहा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला पुढे एक फासा दुसऱ्यांदा टाकायची मुभा द्या. अजगराच्या बाबतीत मी पुढच्या शनिवारी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, १९ होता. मैत्रिणीने विचार करून ठरवलं की तिचं पात्र जगलं तरी त्याच्या हाताची पकड गेली. ते तिने सुचवलं, मी नाही. अजून ते पात्र डाव्या हाताने तलवार धरतं.

पहिला शनिवार

तीन खेळाडू आणि एक पंच पुरे. पहिल्याच वेळी सहा जण गोळा करू नका. उन्हाळ्यात गच्चीवर बसणार असाल तर रात्री आठनंतर बसा, त्याआधी फरशी भाजते. फोनवरचे फासे वापरत असाल तर चार्जर जवळ असू द्या. आधी दीड तास संमती, मग चहा, मग तासाभराचा एकच छोटा प्रसंग : एक दार, एक पहारेकरी, आत काहीतरी हवं असलेलं. पंचाने प्रत्येक फाशाआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या : किती हवं, जमलं तर काय, नाही जमलं तर काय. विसरला तर कुठल्याही खेळाडूने फासा मुठीत धरून ठेवायचा आणि विचारायचं, "नाही जमलं तर?"

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा भाकरी-शेंगाचटणी जे असेल ते तेव्हा काढा, आधी नाही, तेलाचा हात चादरीला आणि पात्रांच्या कागदांना लागतो. खाता खाता वही मध्ये ठेवा, फुल्या वाचा, आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा : आज कुठला निकाल खटकला, आणि कुठल्या फाशाला छाती धडधडली. उत्तरं पंचाने लिहून घ्यायची. चार-सहा शनिवार झाले की वही दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही पात्र घेऊन समोर बसा. आमच्याकडे सध्या ती वही त्या मित्राकडे आहे जो दोन शनिवार आला नव्हता. मागच्या वेळी त्याने माझ्या चालीला १८ सांगितला. मला जास्त वाटला. मी फासा टाकला, ११ पडला, आणि वहीत फुली मारून घेतली आहे.